ओझर ते सॅन फ्रान्सिस्को: दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढायचा

नाशिकहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचं असेल, तर मुंबई उलट्या दिशेला आहे. ऐकायला विचित्र वाटेल, कारण परदेशी जायचं म्हटलं की आपण नाशिककर सवयीने कसारा घाट उतरतो. पण पृथ्वीच्या गोलावर ओझर (नाशिकचा विमानतळ इथेच आहे) आणि सॅन फ्रान्सिस्को यांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा काढली, तर ती निघते उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कलून, आणि जवळजवळ दिल्लीवरूनच जाते. मुंबई मात्र नैऋत्येला. म्हणजे दीडशेहून जास्त किलोमीटर मागे जाऊन मग पुढे निघायचं.

म्हणून दिल्लीमार्गेच जावं, असं मी म्हणत नाही. किलोमीटर आणि तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कधीकधी त्या चक्क एकमेकींच्या विरोधात जातात. पण तिकीट काढायच्या आधी हा हिशेब स्वतः करता आला, तर ट्रॅव्हल एजंट किंवा मोबाइलवरचं अॅप समोर ठेवेल तोच पर्याय मुकाट्याने घ्यावा लागत नाही. हिशेब अवघड नाही. दहावीचं त्रिकोणमिती थोडं आठवत असेल आणि मोबाइलमध्ये सायंटिफिक कॅल्क्युलेटर असेल, तर अर्ध्या तासाचं काम आहे. उदाहरण म्हणून आपण ओझर–दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हीच वाट धरू. तुमची मुलगी सिडनीला किंवा भाऊ लंडनला असेल, तर फक्त आकडे बदलायचे.

पायरी 1: विमानतळ नक्की कोणता?

शहराचं नाव पुरेसं नाही, तीन अक्षरी कोड लागतो. ओझरच्या विमानतळाचा कोड आयएसके, दिल्लीचा डीईएल, मुंबईचा बीओएम, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ. 25 डिसेंबर 2025पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली. तिचा कोड एनएमआय. त्यामुळे तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून समाधान मानू नका. भिवंडीहून सहारला (मुंबईच्या जुन्या विमानतळाला) जायची वाट आणि उलव्याला (नवी मुंबईच्या विमानतळाला) जायची वाट यांत बराच फरक आहे, आणि हा घोळ ठाण्याला पोचल्यावर लक्षात येऊन उपयोगाचा नाही.

पलीकडच्या टोकालाही हेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती तीन विमानतळ आहेत: सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि सॅन होजे. मुलगा सनीव्हेलला राहत असेल तर सॅन होजे, म्हणजे एसजेसी, त्याला जवळचं. पण सॅन होजे नावाचं शहर मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाची राजधानीही आहे आणि त्याचा कोड एसजेओ. एका अक्षराने माणूस दुसऱ्या देशात.

पायरी 2: अक्षांश-रेखांश लिहून घ्या

मोबाइलच्या नकाशावर विमानतळावर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. दशांशानंतर तीन घरं पुरेत. आपल्याला लागणारे आकडे असे:

ओझर: 20.119 उत्तर, 73.913 पूर्व
दिल्ली: 28.556 उत्तर, 77.100 पूर्व
मुंबई: 19.089 उत्तर, 72.868 पूर्व
सॅन फ्रान्सिस्को: 37.619 उत्तर, 122.375 पश्चिम

पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश यांना उणे चिन्ह द्यायचं. सॅन फ्रान्सिस्कोचा रेखांश उणे 122.375, सिडनीचा अक्षांश उणे 33.946. हे चिन्ह विसरलं तर उत्तर इतकं भलतंच येतं की चूक लगेच कळते. तेवढं बरं.

पायरी 3: आधी दोरा, मग गणित

भिंतीवरच्या नकाशात दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात पट्टी ठेवून रेघ मारू नका. तो नकाशा सपाट करताना ध्रुवांकडचा भाग ताणला गेलेला असतो. नेहमीच्या मर्केटर नकाशावर दिल्लीहून पूर्वेकडे सरळ रेघ मारली तर ती चीन, जपानचा परिसर आणि अख्खा पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्नियाला लागते. त्या रेघेची खरी लांबी सुमारे 14,950 किलोमीटर भरते. सर्वांत जवळची वाट तिच्याहून अडीच हजार किलोमीटरने कमी आहे आणि ती वर आर्क्टिकच्या दिशेने जाते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर मुलांचा पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा साधा दोरा. (संक्रांतीनंतर घरात उरलेला येवल्याचा मांजा नको, बोट कापेल.) दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून तो ताणा. दोरा आपोआप घसरत घसरत वर सरकतो आणि तिबेट, सायबेरिया, आर्क्टिकचा किनारा, अलास्का असा पसरतो. ताणलेला दोरा जिथे स्थिर होतो तो ग्रेट सर्कल मार्ग, म्हणजे गोलावरची सर्वांत जवळची वाट. आपल्या जोडीसाठी ही वाट साधारण 75 अंश उत्तरेपर्यंत चढते.

आता तोच दोरा विषुववृत्तावर गुंडाळून पाहा. पूर्ण वेढा म्हणजे 40,075 किलोमीटर. तुमचा तुकडा वेढ्याच्या किती भाग आहे ते काढा, त्याने 40,075ला गुणा, झालं. एवढ्यानेही दोन-तीनशे किलोमीटरच्या फरकात अंतर हाती येतं.

पायरी 4: कॅल्क्युलेटरवर खरं अंतर

कॅल्क्युलेटर आधी डिग्री मोडवर आहे का ते पाहा. तो रेडियनवर असला तर सगळं मुसळ केरात. मग:

एक, दोन्ही अक्षांशांचे साइन काढून गुणा. 28.556चा साइन 0.4780, 37.619चा 0.6104. गुणाकार 0.2918.

दोन, दोन्ही अक्षांशांचे कोसाइन काढून गुणा. 0.8784 गुणिले 0.7921 म्हणजे 0.6957.

तीन, दोन रेखांशांमधला फरक काढा. 77.100 वजा उणे 122.375 म्हणजे 199.475. हा 180पेक्षा जास्त आहे, म्हणून तो 360मधून वजा करा: 160.525. याचा कोसाइन उणे 0.9428. त्याने मघाच्या 0.6957ला गुणा: उणे 0.6559.

चार, पहिलं उत्तर आणि तिसरं उत्तर यांची बेरीज: उणे 0.3641. याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घ्या: 111.35 अंश.

पाच, 111.2ने गुणा. उत्तर सुमारे 12,380 किलोमीटर.

शेवटचा 111.2 हा आकडा आला कुठून? पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6,371 किलोमीटर. तिचा घेर 360 अंशांत वाटला की एका अंशाला 111.2 किलोमीटर येतात. 111.2ऐवजी 60ने गुणलंत तर नॉटिकल मैल मिळतील, वैमानिक तेच वापरतात. एक नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किलोमीटर.

पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी असल्याने या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. बारा हजारांत साठ किलोमीटर, म्हणजे विमानाची चार मिनिटं. सोडून द्या. उत्तर 20,000च्या वर आलं तर मात्र काहीतरी चुकलंय, कारण पृथ्वीवर कुठलीही दोन ठिकाणं साधारण 20,000 किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत. नाशिकच्या नेमकं पायाखालचं, गोलाच्या पलीकडचं ठिकाण दक्षिण पॅसिफिकच्या भर पाण्यात, ईस्टर बेटाच्या उत्तरेला येतं. तिथे विमानतळ नाही, त्यामुळे तुमचं कुठलंच तिकीट त्या आकड्याला टेकणार नाही. आज नियमित चालणाऱ्या विनाथांबा उड्डाणांत सर्वांत लांबचं सिंगापूर ते न्यूयॉर्क आहे. तेही सुमारे 15,300 किलोमीटरचंच.

पायरी 5: थांबा वाटेवर आहे की वाकडा?

माझ्या मते सगळ्या हिशेबातली ही सर्वांत कामाची पायरी आहे, आणि बहुतेक लोक नेमकी हीच गाळतात.

आधी घराजवळच्या विमानतळापासून मुक्कामापर्यंतचं थेट अंतर काढा, जरी तसं विमान नसलं तरी. ओझर ते सॅन फ्रान्सिस्को: सुमारे 13,370 किलोमीटर. मग थांब्यामार्गे होणारी बेरीज करा. ओझर ते दिल्ली सुमारे 990, पुढे 12,380. बेरीज 13,370. म्हणजे दिल्लीला उतरल्याने वाट जवळजवळ वाढतच नाही.

आता मुंबईचा हिशेब. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को 13,510. वर आपला घाट उतरून जायचा रस्ता. तिथून दुबईमार्गे जायचं ठरलं तर मुंबई–दुबई सुमारे 1,930 आणि दुबई–सॅन फ्रान्सिस्को सुमारे 13,020, एकूण 14,950. मुंबईपासूनच्या थेट अंतरापेक्षा दहा-अकरा टक्के जास्त, चालण्यासारखं. (गंमत म्हणजे दुबई–सॅन फ्रान्सिस्कोचा ग्रेट सर्कल उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जातो. दोऱ्याने करून पाहा.) सिंगापूरमार्गे गेलात तर 3,910 आणि 13,590, म्हणजे 17,500 किलोमीटर. थेट अंतरापेक्षा चार हजार जास्त. तिकीट वीस हजारांनी स्वस्त असेल तर विचार करावा, एरवी साठी ओलांडलेल्या आईवडिलांना या वाटेने पाठवू नये.

मुक्काम बदलला की चित्र पार पालटतं. लंडनला ओझरहून थेट अंतर सुमारे 7,200. मुंबईमार्गे ते 7,370 होतं, दिल्लीमार्गे 7,700च्या पुढे. तिथे मुंबई बरी. सिडनीला जायचं असेल आणि कोणी तुम्हाला दिल्लीमार्गे तिकीट देत असेल तर जवळपास 1,300 किलोमीटर फुकट फिरणं आहे: थेट 10,140, दिल्लीमार्गे 11,430. उत्तरेला जायचं आणि मग सगळं परत खाली यायचं.

माझा ढोबळ नियम असा: थांब्यामुळे पंधरा टक्क्यांपर्यंत अंतर वाढलं तर चालतं, तीस टक्क्यांच्या पुढे गेलं तर त्या तिकिटात किंमत सोडून दुसरं आकर्षण उरत नाही.

पायरी 6: किलोमीटरचे तास करा

बोइंग 787, 777 किंवा एअरबस ए350 ही लांब पल्ल्याची विमानं ताशी 900 किलोमीटरच्या आसपास जातात. पण तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, पलीकडे गेट मिळेपर्यंत थांबणं, सगळं धरलेलं असतं. म्हणून अंतराला 850ने भागा आणि वर अर्धा तास घाला. 12,380 भागिले 850 म्हणजे साडेचौदा तास, अधिक अर्धा: पंधरा. मुंबई–लंडन 7,210 किलोमीटर, हिशेबाने नऊ तास. ओझर–दिल्लीसारख्या छोट्या टप्प्याला 850 जास्त होतात, कारण विमान पूर्ण वेगात असतं तोवर उतरायची वेळ येते. तिथे 750ने भागा: पावणेदोन ते दोन तास.

हा झाला वारा नसलेल्या आणि सीमा नसलेल्या आकाशाचा वेळ. खरं आकाश तसं नसतं.

वाऱ्याचं आधी बोलू. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा झोत वाहत असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो जोर धरतो, ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढेही जातो. त्यामुळे मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. लांबच्या प्रवासात हा फरक तासाभराचा सहज होतो. जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा धरून दोन्हीकडच्या गाड्या ठरवणं म्हणूनच धोक्याचं.

वाऱ्याची करामत किती मोठी असू शकते, याचं उत्तम उदाहरण आपल्याच जोडीवर आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016मध्ये कंपनीने ते उलट बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे 15,300 किलोमीटर झालं आणि तरीही विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर पोचलं. 15,300ला 14.5ने भागा: ताशी 1,055 किलोमीटर. विमान स्वतः एवढं धावत नाही. फरकाचे दीडशे किलोमीटर मागून ढकलणाऱ्या वाऱ्याचे. अंतर आणि वेळ वेगळे मोजा असं मी का म्हणतो, ते या एका भागाकारात दिसतं.

या गणितात मी दोनदा 'वरून जायचं', 'वरून नेलं' असं लिहिलं, पण सर्वांत जवळची 12,380ची वाट कोणीच घेतली नाही, हेही लक्षात आलं असेल. तिबेटच्या पठारावरून विमानं सहसा जात नाहीत. केबिनमधली हवा गेली तर विमानाला झटकन दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला वाटेत कुठेही असलं तरी ठरलेल्या मिनिटांत पोचता येईल असा विमानतळ लागतो.

आणि तिसरी गोष्ट, राजकारण. फेब्रुवारी 2019मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते जुलैमध्ये उघडलं. 24 एप्रिल 2025 रोजी पहलगाम हल्ल्यानंतरच्या तणावात भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं आणि महिन्यामहिन्याने मुदत वाढत गेली. दिल्लीहून पश्चिमेला जाणारी भारतीय विमानं मग गुजरातकडे खाली येऊन अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली. उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात थांबावं लागलं. मुंबईच्या विमानांना याचा चटका तुलनेने कमी, कारण ती तशीही समुद्रावरूनच निघतात. दुसरीकडे, 2022पासून रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणून त्याच दोन शहरांमध्ये एका कंपनीचं विमान दोन तास जास्त घेतं, तर त्यात वैमानिकाचा आळस नसतो.

हे सगळं घरबसल्या मोजता येत नाही, पण पाहता येतं. विमानांचा मागोवा दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तुमच्या उड्डाणाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठवड्याभरात ते रोज प्रत्यक्ष किती वाजता निघालं, किती वाजता टेकलं, ते बघा. सातातले पाच दिवस उशीर असेल तर वेळापत्रकावर विसंबू नका. नकाशावर वाट किती वाकली आहे तेही कळेल. तुमच्या पंधरा तासांच्या अंदाजापेक्षा वेळापत्रकात तास-दीड तास जास्त असेल तर ठीक. तीन तास जास्त असेल तर मध्ये कुठे इंधनाचा थांबा आहे का, ते विचारा.

पायरी 7: घड्याळांचा हिशेब

दिल्लीहून 10 जानेवारीला पहाटे 2.30ला निघालात आणि सॅन फ्रान्सिस्कोला 10 जानेवारीलाच पहाटे 5.30ला पोचलात, असं समजू. तीन तासांत अमेरिका! तिकिटावर दोन्हीकडचे वेळ तिथल्या तिथल्या घड्याळाचे असतात, एवढाच त्याचा अर्थ.

रीत एकच: दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणा. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे. तिथले 5.30 म्हणजे आपले संध्याकाळचे 7. पहाटे 2.30 ते संध्याकाळी 7, साडेसोळा तास. परतताना तिथून 10 जानेवारीला सकाळी 10ला निघालात तर आपल्याकडे रात्रीचे 11.30 झालेले असतात. दिल्लीत 11 जानेवारीला दुपारी 3ला पोचलात तर साडेपंधरा तास. कागदावर मात्र सव्वा दिवस गेल्यासारखा दिसतो.

उन्हाळ्यात हा फरक साडेबारा तासांचा होतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटनमध्ये हे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. सिडनीत उलट: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. भारतात घड्याळाला कोणी हात लावत नाही, म्हणून फरक आपल्याला लक्षात ठेवावा लागतो. विमान कंपन्यांची उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकंही मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. या दोन महिन्यांच्या अखेरीस प्रवास असेल तर आधी काढलेल्या तिकिटाची वेळ निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा तपासा. ओझरहून सुटणारी विमानं मोजकीच. त्यातलं एक पुढे-मागे सरकलं की दिल्लीचं जोडविमान हुकतं.

पायरी 8: दारापासून दारापर्यंत

आकाशातला आकडा हाती आल्यावर जमिनीवरचे तास मांडा. इथे नाशिककराला दोन वाटा आहेत.

पहिली ओझरची. द्वारका चौकातून आडगाव, दहावा मैल, तिथून जानोरीकडे वळलं की विमानतळ. शहरातून वीस-पंचवीस किलोमीटर. एरवी पाऊण तास, पण द्वारकाचा चौक आणि कांद्याच्या हंगामातले ट्रक धरून सव्वा तास ठेवा. देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोचा. दिल्लीला उतरल्यावर खरी मेख आहे: परदेशी विमानं सुटतात टर्मिनल 3वरून, आणि ओझरचं विमान टर्मिनल 1वर उतरलं तर तिथून 3वर जायला बस किंवा टॅक्सी करावी लागते. टर्मिनल 2 आणि 3 मात्र चालत जाण्याइतके जवळ आहेत. म्हणून तिकीट काढतानाच उतरण्याचं टर्मिनल बघा.

दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असतील तर मधला वेळ साडेतीन तास पुरतो. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं कंपनीची जबाबदारी असते, आणि सामानही बहुधा ओझरलाच शेवटपर्यंतचा टॅग लावून घेतात. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सहा तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी असेल तर सहाही कमीच, कारण दिल्लीचं धुकं. त्या दिवसांत आदल्या दिवशी जाऊन मुक्काम केलेला चांगला. हॉटेलचे तीन-चार हजार हुकलेल्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त.

दुसरी वाट मुंबईची. रस्त्याने सुमारे 170 किलोमीटर. 5 जून 2025ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटाऐवजी जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून जाता येतं, आणि पावसाळ्यात ही मोठीच सुटका आहे. पण समृद्धी आमण्याला संपतो, ठाण्याची कोंडी संपत नाही. माजिवड्यापासून सहारपर्यंतचा तुकडा पाऊण तासाचा की दोन तासांचा, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. रात्री दहानंतर पोचायचं असेल तर साडेतीन ते चार तास धरा, संध्याकाळी पोचायचं असेल तर पाच ते साडेपाच. त्यात परदेशी उड्डाणाआधीचे तीन तास घाला. पहाटे 2चं विमान असेल तर संध्याकाळी 6ला नाशिक सोडलेलं बरं. 2027च्या सिंहस्थाच्या पर्वकाळात तर दोन्ही वाटांवर यात दोन तास आणखी घाला, आणि स्नानाच्या मुख्य दिवसांच्या आसपास तिकीटच काढू नका.

आता दोन्ही बेरजा. ओझरमार्गे: घर ते ओझर सव्वा तास, तिथे दोन तास, दिल्लीपर्यंत दोन तास, दिल्लीत चार तास, पुढे साडेसोळा तास, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाचे दीड तास. साधारण सव्वासत्तावीस तास. मुंबई–दुबईमार्गे: रस्ता साडेचार, विमानतळावर तीन, दुबईपर्यंत सव्वातीन, दुबईत तीन, पुढे सोळा, शेवटी दीड. सव्वाएकतीस. मुंबईहून विनाथांबा विमान मिळालं तर रस्ता साडेचार, विमानतळ तीन, हवेत सतरा, शेवटी दीड म्हणजे सव्वीस. किलोमीटरमध्ये दिल्लीला मात देऊ न शकणारी मुंबई तासांमध्ये बरोबरीला येते ती अशी, मधला एक थांबा वाचवून.

माझा कौल विचाराल तर: आईवडील एकटे जाणार असतील आणि एकाच तिकिटावर ओझर–दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मिळत असेल, तर हिवाळा सोडून तेच घ्या. घाट नाही, ठाणे नाही, रात्रीची टॅक्सी नाही. हिवाळ्यात मुंबईचं विनाथांबा विमान मिळतं का ते बघा. अमेरिकेत आत आणखी कुठे जायचं असेल, समजा सॅन फ्रान्सिस्कोहून पुढे डेन्व्हरला, तर पहिल्याच अमेरिकी विमानतळावर सगळं सामान पट्ट्यावरून घेऊन कस्टममधून बाहेर काढावं लागतं आणि पुन्हा द्यावं लागतं. तिथे किमान तीन तास ठेवा.

परतीचा हिशेब वेगळ्या कागदावर करा, जाण्याचाच उलटा करून चालणार नाही. वारा वेगळा, घड्याळ वेगळं, आणि दिल्लीला उतरल्यावर आता इमिग्रेशन, सामान आणि कस्टम आपल्याकडे करायचं असतं, मगच ओझरचं विमान. त्या दिवशीचं ओझरला जाणारं शेवटचं विमान किती वाजता आहे, हे तिकीट काढायच्या आधी पाहा. तुम्ही दिल्लीत टेकण्याच्या आधीच ते उडून जात असेल तर परतीचं तिकीट सरळ मुंबईचं काढा आणि पहाटे उतरून, ठाण्याची गर्दी सुरू व्हायच्या आत, घाटाकडे निघा.